झाड कुठून आले, हे विचारणारा माणूस : डॉ. शंकर पुरुषोत्तम आघारकर

बारावीचा निकाल लागला की आपल्या मंडळातल्या घराघरांत तेच बोलणे सुरू होते. नीटला किती गुण मिळाले, किती कमी पडले, पुन्हा एक वर्ष बसवायचे का, कोटा की नागपूर. गुण फारच कमी असले तर कोणीतरी खालच्या आवाजात सुचवते, की तोवर बी.एस्सी.ला नाव घालून ठेवू. बॉटनी, झूलॉजी, केमिस्ट्री घेऊ, वर्ष तरी वाया जायचे नाही. नाव घातले जाते. पण मुलाने काय घेतले असे कोणी विचारले, तर आपण विषयाचे नाव न घेता नुसते बी.एस्सी. एवढेच सांगतो.

आम्हीही हेच करत आलो. गेल्या वर्षी आमच्यातल्या एका घरी मुलीने, गुण चांगले असताना, मला बॉटनीच घ्यायचे आहे असे स्वच्छ सांगितले. तेव्हा आम्ही मोठी माणसे एकमेकांच्या तोंडाकडे पाहत राहिलो. पानेफुले ओळखून पुढे काय, हा प्रश्न आमच्या सगळ्यांच्या मनात होता. तिने उलट विचारले, की या विषयात मोठे झालेले एखादे मराठी नाव तुम्हाला माहीत आहे का. आम्हाला एकही सांगता आले नाही. डॉक्टर, वकील, नट, गायक, क्रिकेटपटू यांची नावे धडाधड आठवली. वनस्पतिशास्त्रज्ञाचे नाव काही आठवेना.

म्हणून यंदाच्या स्मरणिकेतल्या चरित्रासाठी आम्ही ते नाव शोधून काढले. ते आहे डॉ. शंकर पुरुषोत्तम आघारकर. पुण्यात लॉ कॉलेजच्या परिसरात त्यांच्या नावाची मोठी संशोधन संस्था आहे. ती ज्या रस्त्यावर आहे, त्याला मात्र समाजसुधारक गोपाळ गणेश आगरकरांचे नाव आहे. ‘आगरकर’ आणि ‘आघारकर’ यांत फरक एका काना-अक्षराचा. त्यामुळे पुण्याला जाणारी-येणारी आपली मंडळीही दोघांना एकच समजतात. आगरकर गेले १८९५ साली. तेव्हा आपले आघारकर जेमतेम दहा वर्षांचे होते.

मालवण ते मुंबई

शंकररावांचा जन्म १८ नोव्हेंबर १८८४ रोजी मालवणचा. समोर सिंधुदुर्ग, मागे माड आणि काजूची लाल माती. पुढे ते मुंबईला एल्फिन्स्टन कॉलेजात गेले आणि तिथे त्यांनी निसर्गशास्त्रे घेतली. आजच्यासारखे विषयांचे घट्ट कप्पे तेव्हा नव्हते. वनस्पती, प्राणी आणि खडक हे सारे एकाच अभ्यासात येई. शंकररावांचे पुढचे आयुष्य पाहिले, तर या एकत्र शिकण्याचा त्यांना किती उपयोग झाला हे ध्यानात येते.

ते ज्या काळात शिकत होते, तो या विषयाच्या दृष्टीने मोठा काळ होता. हूकर यांच्या ब्रिटिश हिंदुस्थानच्या वनस्पतिकोशाचे सात खंड १८९७ मध्ये पुरे झाले होते. मुंबई इलाख्याच्या झाडाझुडपांवरचा कूक यांचा ग्रंथ १९०१ ते १९०८ या वर्षांत भागाभागाने छापून येत होता. म्हणजे सह्याद्रीतल्या झाडांची शास्त्रीय यादी डोळ्यांसमोर तयार होत होती. मात्र ती करणारे बहुतेक इंग्रज अधिकारी होते आणि वाळवलेले नमुने ताडून पाहण्याचे शेवटचे ठिकाण लंडनजवळचे क्यू हे होते. इथला विद्यार्थी इथल्याच झाडाचे नाव तिथून छापून आलेल्या पुस्तकात वाचून पाठ करी.

१९०९ मध्ये ते एम.ए. झाले. त्या काळी एवढे शिकलेल्या तरुणाला वकिली, मामलेदारी किंवा शिक्षणखाते या ठरलेल्या वाटा होत्या. झाडांचा अभ्यास ही काही घर चालवण्याची वाट नव्हे, असे तेव्हाच्या घरांतही वाटतच असणार. आपल्या आजच्या घरांहून ती घरे फार निराळी नसावीत. शंकररावांनी कॉलेजातच शिकवण्याचे काम घेतले आणि सुट्ट्या लागल्या की ते सह्याद्रीत हिंडू लागले.

घाटातली छत्री

याच हिंडण्यात १९११ च्या सुमारास सातारा जिल्ह्यातल्या घाटमाथ्यावरच्या नद्यांत त्यांना एक विलक्षण जीव सापडला. तो जेलीफिश होता. आपण समुद्रकाठी गेलो की वाळूवर पडलेले पारदर्शक गोळे पाहतो, त्याच जातीचा, पण आकाराने एखाद्या लहान नाण्याएवढा, छत्रीसारखा आणि गोड्या पाण्यात राहणारा. जेलीफिश म्हणजे समुद्रातला प्राणी हे सगळे जग धरून चालले होते. गोड्या पाण्यातले फार थोडे माहीत होते आणि या विशिष्ट गोताचे तर आफ्रिकेतल्या टांगानिका सरोवरासारख्या ठिकाणांहूनच ठाऊक होते. तेच सह्याद्रीच्या ओढ्यात कसे आले?

हे नमुने कलकत्त्याच्या इंडियन म्युझियमचे प्रमुख नेल्सन अ‍ॅनन्डेल यांच्यापर्यंत पोचले आणि त्या जीवाला हिंदुस्थानचे नाव जोडून शास्त्रात नोंदवले गेले. १९१२ मध्ये ‘नेचर’ या इंग्लंडमधल्या नामांकित साप्ताहिकातूनही ही बातमी जगापुढे गेली. मालवणचा एक तरुण अध्यापक, वय सत्तावीस-अठ्ठावीस, विषय वनस्पतींचा, आणि पहिली कीर्ती मिळाली ती एका प्राण्याने. ओढ्याच्या काठी बसून पाण्यात काय चालले आहे ते निरखून पाहण्याची सवय असल्यामुळे ते घडले.

आम्हाला या गोष्टीत एक धागा दिसतो. आफ्रिकेतले गोत इथे कसे, हा प्रश्न त्यांना तिथे पहिल्यांदा भेटला. पुढे पंधरा वर्षांच्या आत तोच प्रश्न ते झाडांना विचारणार होते.

कलकत्त्याचे बोलावणे

१९१३ साली कलकत्त्याचे नामवंत कायदेपंडित रासबिहारी घोष यांनी कलकत्ता विद्यापीठाला दहा लाख रुपये दिले. त्या वेळचे दहा लाख! त्यातून विज्ञानाची चार अध्यासने निघाली : उपयोजित गणित, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि वनस्पतिशास्त्र. या जागांवर हिंदी माणसेच नेमावीत, ही त्या दानामागची अट होती. कुलगुरू आशुतोष मुखर्जी देशभरातून माणसे हेरत होते. वनस्पतिशास्त्राच्या जागेसाठी त्यांनी बंगालबाहेरच्या या मराठी तरुणाला निवडले. या अध्यासनाचा रोख शेतीकडेही असावा असे दात्याच्या मनात होते. ही गोष्ट ध्यानात ठेवावी, ती पुढे पुन्हा येणार आहे.

तिथे तेव्हा जगदीशचंद्र बसू होते, प्रफुल्लचंद्र राय होते. थोड्याच वर्षांत रामनही विद्यापीठात आले. गंगेपलीकडे शिवपूरला १७८७ मध्ये स्थापलेले वनस्पती उद्यान होते. या विषयाच्या माणसाला त्या काळी हिंदुस्थानात याहून चांगले ठिकाण नव्हते.

युद्धात अडकलेली वर्षे

नेमणुकीबरोबर परदेशी जाऊन पुढचे शिक्षण घेण्याची सोय होती. शंकरराव १९१४ मध्ये जर्मनीला गेले. वनस्पतिशास्त्रात तेव्हा जर्मनीचा दबदबा मोठा होता. ते तिथे असतानाच ऑगस्टमध्ये पहिले महायुद्ध पेटले. हिंदुस्थान इंग्रजांचा, म्हणून हिंदुस्थानातला विद्यार्थी हाही जर्मनीच्या लेखी शत्रूच्या राज्यातला माणूस. त्यांना स्थानबद्ध करण्यात आले. त्याच घोष अध्यासनांपैकी भौतिकशास्त्राचे प्राध्यापक देवेंद्रमोहन बसू हेही असेच जर्मनीत अडकून पडले होते.

त्या वर्षांचा विचार आम्ही पुष्कळ केला. घर हजारो मैल लांब. ज्या कामासाठी विद्यापीठाने पाठवले, ते होईल की नाही याची खात्री नाही. युद्ध किती वर्षे चालेल हे कोणालाच माहीत नाही. भाषा परकी, अन्न परके, त्यात युद्धकाळातली टंचाई. आपल्याकडे एका परीक्षेत मुलगा मागे पडला की आयुष्याचे एक वर्ष गेले म्हणून आपण हळहळतो. या माणसाची जवळजवळ सहा वर्षे परक्या देशात गेली. पण ती रिकामी गेली नाहीत. बंधने सैल झाल्यावर त्यांनी बर्लिनमध्ये अ‍ॅडॉल्फ एंग्लर यांच्या हाताखाली काम सुरू केले आणि युद्ध संपल्यावर बर्लिन विद्यापीठाची डॉक्टरेट घेतली.

बी.एस्सी.च्या कोणत्याही मुलाला किंवा मुलीला एंग्लर कोण हे विचारून पाहावे. वनस्पतींच्या वर्गीकरणाचा धडा आला की बेंथम आणि हूकर यांची पद्धत आणि एंग्लर आणि प्रांट्ल यांची पद्धत, दोन्ही पाठ कराव्या लागतात. त्यांचे गुणदोष हा परीक्षेतला ठरलेला प्रश्न. आपल्या मुलांनी जे नाव दहा गुणांसाठी पाठ केले, त्या माणसापुढे बसून एक मालवणी माणूस शिकला. एंग्लर तेव्हा बर्लिनच्या डालेम भागातल्या वनस्पती उद्यानाचे संचालक होते. जगभरातून आलेल्या वाळवलेल्या वनस्पतींचा प्रचंड संग्रह तिथे होता. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ च्या बॉम्बहल्ल्यात, त्याचा फार मोठा भाग जळून गेला. शंकररावांनी तो शाबूत असताना पाहिला आणि वापरला.

प्रश्न एकच

त्यांच्या प्रबंधाचा विषय होता वायव्य हिंदुस्थानातल्या कोरड्या आणि खारट जमिनीत वाढणाऱ्या वनस्पती. त्या कशा पसरतात, कुठवर पसरल्या आहेत आणि मुळात आल्या कुठून. हा प्रबंध १९२० मध्ये जर्मन भाषेत छापून आला.

विषय अवघड वाटेल, पण तो आपल्या रोजच्या पाहण्यातला आहे. गणपतीच्या पत्रींतच पाहावे. आघाडा आपण तोडायला गेलो की त्याची टोकदार फळे धोतराला, साडीच्या काठाला चिकटून घरापर्यंत येतात. झाडाला पाय नाहीत, म्हणून ते आपले पाय वापरते. रुईचे बोंड फुटले की रेशमासारख्या तंतूंची म्हातारी वाऱ्यावर उडते आणि तिच्या पोटाशी बी असते. बोर पक्षी खातो, कोल्हा खातो आणि आठोळी दूर कुठेतरी पडते. गवताचे बी पाण्याबरोबर वाहते. प्रत्येक झाडाची प्रवासाची तऱ्हा वेगळी. ती तऱ्हा कळली की ते झाड किती लांबून येऊ शकेल याचा अंदाज बांधता येतो. मग नकाशावर त्याचे भाऊबंद कुठे कुठे आहेत ते पाहायचे. राजस्थान-सिंधच्या वाळवंटातल्या किती तरी झाडांचे सगेसोयरे इराण-अरबस्तानातून थेट उत्तर आफ्रिकेपर्यंत सापडतात. पिलूचे झाड घ्या. ते आफ्रिकेतही आहे, अरबस्तानातही आणि आपल्याकडेही. शमी आपण दसऱ्याला पूजतो, तीच अरबस्तानच्या वाळूतही उभी आहे.

साताऱ्याच्या ओढ्यातल्या छत्रीने जो प्रश्न घातला, तो बर्लिनमध्ये असा पुरा अभ्यासाचा विषय झाला. आपल्याकडे जे आहे ते कुठून आले आणि इथे कसे रुजले?

बालाघाटच्या मराठी माणसाला हा प्रश्न परका वाटू नये. आपले आजे-पणजे मध्यप्रांताच्या काळात इथे आले. कोणी कचेरीत, कोणी जंगलखात्यात, कोणी शाळेत, कोणी रेल्वेवर, कोणी भरवेलीच्या मॅंगनीजच्या खाणीवर. तेव्हा राजधानी नागपूर होती आणि आपण एकाच प्रांतात होतो. १९५६ मध्ये राज्यांच्या रेषा नव्याने ओढल्या गेल्या. विदर्भ तिकडे गेला, बालाघाट मध्यप्रदेशात राहिले. गोंदिया रेल्वेने तासाभरावर, पण राज्य वेगळे. आपण हललो नाही, रेष हलली. आजही नवा माणूस आपल्याला मूळचे कुठले म्हणून विचारतो आणि आपण क्षणभर थांबतो. झाडाच्या बाबतीत शास्त्र हा प्रश्न विचारते, पण पुढचाही विचारते, की ते इथे रुजले का, इथल्या मातीत बी धरते का. ते धरत असेल, तर शास्त्र त्याला इथल्याच वनस्पतींत धरते.

सव्वीस वर्षे कलकत्ता

१९२० मध्ये शंकरराव परत आले आणि घोष प्राध्यापक म्हणून कामाला लागले. पुढची सव्वीस वर्षे ते कलकत्त्यात होते. बंगाली विद्यार्थ्यांना शिकवणारा मराठी प्राध्यापक. विद्यापीठातला वनस्पतिशास्त्राचा विभाग त्या काळात वाढला, मुलांना प्रयोगशाळेबरोबर रानातही नेले जाऊ लागले.

त्यांच्या कामाचा मोठा भाग मात्र संस्था उभ्या करण्याचा होता. इंडियन सायन्स काँग्रेसचे ते कित्येक वर्षे कार्यवाह होते. दरवर्षी वेगळ्या गावी देशभरचे शास्त्रज्ञ जमवायचे, निबंध मागवायचे, छापायचे, हिशेब ठेवायचे. आपल्या मंडळाचे दहा दिवसांचे कार्यक्रम करताना कार्यवाहाचे काय होते ते आपण जाणतोच. त्यावरून कल्पना करावी. १९३५ मध्ये देशातल्या शास्त्रज्ञांची राष्ट्रीय संस्था स्थापन झाली, जिला आज इंडियन नॅशनल सायन्स अकॅडमी म्हणतात. तिच्या पहिल्या सचिवांत आघारकरांचे नाव आहे. १९३८ मध्ये सायन्स काँग्रेसचे रौप्यमहोत्सवी अधिवेशन कलकत्त्यालाच भरले. त्याचे अध्यक्षपद लॉर्ड रदरफर्ड भूषवणार होते, पण त्याआधीच त्यांचे निधन झाले आणि सर जेम्स जीन्स अध्यक्ष झाले. एवढ्या मोठ्या मंडळींचा राबता असलेल्या त्या वर्तुळात शंकररावांनी कामाचा माणूस म्हणून लौकिक मिळवला.

अशा कामात स्वतःचे संशोधन मागे पडते, हे खरे आहे. छापलेल्या निबंधांच्या संख्येने माणूस मोजला, तर आघारकरांपेक्षा मोठे वनस्पतिशास्त्रज्ञ त्या काळात होते. ही गोष्ट झाकून चरित्र लिहिणे बरोबर नव्हे. ज्याला रानात हिंडायची ओढ होती, त्याने आयुष्याची चांगली वर्षे पत्रव्यवहार आणि सभांच्या इतिवृत्तांत घालवली. त्यामुळे त्यांचे नाव पाठ्यपुस्तकात फारसे आले नाही. आम्हाला ते सांगता आले नाही, याचे एक कारण बहुधा हेच असावे.

पुण्याला परत

१९४६ मध्ये ते विद्यापीठातून निवृत्त झाले. वय एकसष्ट. कलकत्त्यात त्यांनी एक संस्था रोज पाहिली होती. १८७६ मध्ये डॉ. महेंद्रलाल सरकार यांनी लोकांच्या देणग्यांवर उभी केलेली विज्ञानसंस्था. रामन यांचे जगप्रसिद्ध संशोधन १९२८ मध्ये तिथेच झाले. सरकारवर विसंबून न राहता लोकांनीच विज्ञानासाठी घर बांधायचे, ही त्यामागची कल्पना. महाराष्ट्रात तसे काही नव्हते.

त्याच वर्षी पुण्यात महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी स्थापन झाली. इंग्रजीतले तिचे नावही कलकत्त्याच्या संस्थेच्या धर्तीवर ठेवलेले आहे. आघारकर तिचे संस्थापक-संचालक झाले. स्वतःची इमारत नव्हती. लॉ कॉलेजच्या आवारात मिळालेल्या जागेत काम सुरू झाले. ज्या माणसाने डालेमचे उद्यान आणि कलकत्त्याचा विभाग पाहिला होता, तो साठी उलटल्यावर उसन्या खोल्यांत टेबले, काचेची भांडी आणि वाळवलेल्या झाडांचे कागद मांडू लागला. पुढची चौदा वर्षे, अखेरपर्यंत, तो हेच करत राहिला.

एक बारीक गोष्ट आम्हाला महत्त्वाची वाटते. १९४६ मध्ये महाराष्ट्र नावाचे राज्य नव्हते. मुंबई इलाखा होता, मध्यप्रांत-वऱ्हाड होते, निजामाचे राज्य होते. तरी संस्थेच्या नावात त्यांनी महाराष्ट्र घातला. राज्य आले १ मे १९६० रोजी. त्यानंतर चार महिन्यांनी, २ सप्टेंबर १९६० रोजी, शंकरराव वारले. पंचाहत्तर वर्षांचे होते. त्या वर्षी गणेश चतुर्थी ऑगस्टच्या अखेरीस आली होती, म्हणजे ते गेले ते गणेशोत्सवाच्याच दिवसांत. आपल्या स्मरणिकेत त्यांची आठवण निघावी, याला तेवढेही निमित्त पुरेसे आहे.

मागे काय राहिले

संस्था राहिली आणि वाढली. १९९२ मध्ये तिला संस्थापकाचे नाव देण्यात आले : आघारकर संशोधन संस्था. तिच्या वनस्पतिसंग्रहालयात वाळवून, चिकटवून, नाव-गाव-तारीख लिहून ठेवलेली हजारो झाडे आहेत. गहू, सोयाबीन आणि द्राक्षे यांची नवी वाणे तिथे तयार होतात. गव्हाच्या आणि सोयाबीनच्या ज्या वाणांच्या नावापुढे ‘एमएसीएस’ ही अक्षरे असतात, ती आघारकरांच्या विज्ञानवर्धिनीच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरे. बियाण्याच्या पोत्यावर ती अक्षरे कित्येकांनी वाचली असतील, पण त्यांमागे कोण आहे हे फार थोड्यांना ठाऊक असेल. रासबिहारी घोषांच्या मनातला शेतीचा रोख असा पुण्याच्या मातीत उतरला.

रानात हिंडणेही थांबलेले नाही. २०२४ मध्ये याच संस्थेच्या संशोधकांनी तळेगाव दाभाडे परिसरातल्या गवताळ माळावरून एका नव्या वनस्पतीची नोंद केली. ती वर्षातून दोनदा फुलते : एकदा पावसाळ्यानंतर आणि पुन्हा एकदा माळाला वणवा लागून गेल्यावर. पुण्यापासून तासाभराच्या वाटेवर, इतक्या वर्दळीच्या भागात, शास्त्राला ठाऊक नसलेले झुडूप उभे होते. पाहणारा माणूस हवा होता.

आता आपल्या घरी

हे सारे वाचून झाल्यावर आम्ही आपल्या जिल्ह्याकडे पाहिले. बालाघाटचा निम्म्याहून अधिक भाग जंगल आहे. साल आणि सागवान, मोह, तेंदू, आवळा, वैनगंगेकाठचे अर्जुन. कान्हाचे मुक्की फाटक आपल्याच जिल्ह्यात. आपल्या चिन्नोर तांदळाला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. वनक्षेत्रपाल घडवणारी प्रशिक्षण संस्था आपल्याच गावात आहे. उष्ण प्रदेशातल्या वनांवर संशोधन करणारी केंद्र सरकारची संस्था जबलपूरला आहे. एवढ्या मोठ्या प्रयोगशाळेच्या मधोमध राहून आपण मुलांना सांगतो, की बॉटनीत काय ठेवले आहे.

तीन-चार वर्षांच्या त्या अभ्यासात खरोखर काय असते, हे आम्ही त्या मुलीकडूनच समजून घेतले. खोडाचा काप पात्याने इतका पातळ घ्यायचा की त्यातून उजेड दिसावा, मग तो लाल रंगात बुडवून सूक्ष्मदर्शकाखाली धरायचा. फुलाच्या पाकळ्या-पुंकेसर मोजून त्याचे सूत्र मांडायचे. शेवाळ, बुरशी, नेचे, सूचिपर्णी असे करत फुलझाडांपर्यंत यायचे. आनुवंशिकी, पेशी, पर्यावरण. आणि रान फिरून, झाड ओळखून, दाबून वाळवून, कागदावर चिकटवायचे. या शेवटच्या कामात सगळ्यात जास्त नक्कल चालते, असे तिने हसत सांगितले. वाळवलेली पाने आदल्या वर्षीच्या मुलांकडून घेतली जातात. गुण मिळतात, झाड मात्र ओळखता येत नाही. पदवी हातात येते आणि मग विषयात काही नाही असे आपणच म्हणतो.

नोकऱ्यांचा प्रश्न खरा आहे, तो आम्ही टाळत नाही. नुसत्या बी.एस्सी.वर पोट भरणे अवघड. पुढे एम.एस्सी., वनसेवेची परीक्षा, बियाण्यांचे क्षेत्र, औषधी वनस्पती, शिक्षकी पेशा किंवा संशोधन, यांतली एक वाट धरावी लागते आणि वेळ लागतो. शंकररावांनाही लागला. एम.ए.नंतर परत येऊन स्थिर होईपर्यंत त्यांची अकरा वर्षे गेली, त्यांतली कित्येक तर त्यांच्या हातातही नव्हती. मुलाला विषय मनापासून हवा असेल, तर तेवढा धीर घरच्यांनी धरायला हवा. नको असेल, तर त्याला तिथे निव्वळ वर्ष काढायला बसवू नये. विषयावरही तो अन्याय आणि मुलावरही.

शेवटी एक छोटीशी सूचना. गणपतीला एकवीस पत्री वाहतात. आपल्याकडे त्यांतल्या सात-आठ खऱ्या मिळतात, बाकी जे हिरवे हाती येईल ते. देवदार हिमालयातला, केवडा कोकणकिनाऱ्याचा, डाळिंब मूळचे इराणकडचे, शमी कोरड्या रानातली, अर्जुन आणि बेल आपल्या वैनगंगेकाठचे. एका ताटात एवढ्या मुलखांची पाने एकत्र येतात. यंदा मंडळाच्या पूजेची पत्री आमच्या बी.एस्सी.च्या मुलामुलींनी आणावी, प्रत्येक पानाचे नाव सांगावे आणि जे इथे मिळत नाही ते मिळत नाही म्हणून मोकळेपणाने सांगावे, असे आम्ही ठरवले आहे. प्रत्येक पानाचे मूळ गावही त्यांनी शोधून लिहायचे आहे.

ती मुलगी आता दुसऱ्या वर्षाला आहे. कामाची यादी तिने केली आहे आणि आघाडा तोडायला जाणाऱ्यांनी जुने कपडे घालून यावे, असे तिने सगळ्यांना कळवले आहे.